रॉजर म्हणजे ‘हो’ नव्हे

कुसुंब्याजवळच्या जळगाव विमानतळाची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पूर्वेकडे तोंड केलं की तिचा क्रमांक 09, पश्चिमेकडे केलं की 27. होकायंत्राचे 90 आणि 270 अंश, शेवटचं शून्य गाळून. पण रेडिओवर ‘झीरो नाइन’ म्हणत नाहीत, ‘झीरो नाइनर’ म्हणतात. खरखरीत ‘नाइन’ आणि ‘फाइव्ह’ एकमेकांत मिसळतात, म्हणून नऊला शेपूट लावलं आणि पाचाचा ‘फाइफ’ केला. तिनाचा ‘ट्री’ झाला, कारण ‘थ्री’तला थ अनेक देशांच्या जिभांना वळत नाही. खान्देशी जिभेला तो छान वळतो, पण नियम सगळ्यांना एकच.

ही भाषा आता आपल्या भागातली पोरंही शिकतात. धुळ्याजवळच्या गोंदूरला बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण चालतं, शिरपूरला वैमानिक घडवणारी संस्था आहे, आणि जळगावचं विमानतळ 2021 साली प्रशिक्षण संस्थांसाठी निवडलेल्या पाच विमानतळांपैकी एक. विमान चालवायला शिकायचं तर रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवानाही लागतो, आणि हवेत सहज वळणं घेणारी मुलं त्या परीक्षेला घाबरतात.

बॉम्बे फ्लाइंग क्लब 1928 चा. जे. आर. डी. टाटांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो याच क्लबात शिकून. 15 ऑक्टोबर 1932 ला ते पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले, तेव्हा विमानात रेडिओच नव्हता. त्या विमानाची नोंदणी VT-ADN. आजचा विद्यार्थी ती ‘व्हिक्टर टँगो अल्फा डेल्टा नोव्हेंबर’ अशी वाचेल. VT म्हणजे ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’ असं आपल्याकडे छातीठोकपणे सांगतात. ती दंतकथा आहे. हे संकेत आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदांनी वाटले आणि V अक्षर ब्रिटिश साम्राज्याच्या वाट्याला गेलं होतं, एवढंच त्यात खरं.

आता अल्फा, ब्राव्होकडे. ही माळ एका दिवसात ओवलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी आणि ब्रिटिश सैनिक ‘एबल, बेकर, चार्ली’ म्हणत. ते शब्द इंग्रजी बोलणाऱ्यांच्या सोयीचे. फ्रेंच किंवा स्पॅनिश बोलणाऱ्याला ‘एबल’मध्ये अडकायला व्हायचं. म्हणून आयकाओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, माँट्रियल विद्यापीठातले भाषातज्ज्ञ झाँ-पॉल व्हिने यांच्याकडे नवी यादी सोपवली. अट अशी की शब्द इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश तिन्हींत ओळखीचा हवा. 1 नोव्हेंबर 1951 ला ती यादी नागरी विमानांसाठी स्वीकारली गेली आणि लवकरच तक्रारी सुरू झाल्या. ‘डेल्टा’ आणि ‘एक्स्ट्रा’ सारखे ऐकू यायचे, ‘नेक्टर’ आणि ‘व्हिक्टर’ही.

मग चाचण्या झाल्या, 31 देशांच्या माणसांवर. त्यातला एक निष्कर्ष मला फार आवडतो. एकटाच उच्चारला तर ‘फुटबॉल’ हा ‘फॉक्सट्रॉट’पेक्षा चांगला कळतो; पण लांब संभाषणाच्या ओघात ‘फॉक्सट्रॉट’ सरस ठरतो. म्हणजे शब्द सुटा चांगला असून भागत नाही, शेजाऱ्यांच्या गर्दीतून तो उठून दिसला पाहिजे. जळगावच्या पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला रथ निघतो, तेव्हा चाकाखाली मोगरी लावणाऱ्याला त्या गलक्यात मिळालेली हाक अशीच नेमकी असावी लागते. शेवटी C, M, N, U, X या पाच अक्षरांचे शब्द बदलून चार्ली, माइक, नोव्हेंबर, युनिफॉर्म, एक्स-रे आले आणि 1 मार्च 1956 ला आजची यादी पक्की झाली. फ्रेंच माणसाने शेवटचा t गिळू नये म्हणून ‘ज्युलिएट’ला दोन t दिले, आणि ph चा उच्चार सगळ्यांना कळेलच असं नाही म्हणून ‘अल्फा’ f ने लिहिला. I साठी जगभरचे वैमानिक ‘इंडिया’ म्हणतात, ही आपल्या वाट्याची मिजास.

संकटात द्यायचा ‘मेडे’ हा शब्द लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरचा. तिथले वरिष्ठ रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी 1923 च्या सुमारास तो सुचवला. बरीचशी विमानं पॅरिसच्या ल बुर्जेला जात-येत, म्हणून ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांशी जुळणारी हाक निवडली. ‘स्क्वॉक’ त्याहून मजेशीर. युद्धात विमानाची ओळख पटवणाऱ्या यंत्राचं सांकेतिक नाव होतं ‘पॅरट’, म्हणून त्याचं उत्तर म्हणजे पोपटाचं ओरडणं. आजही विमान ओळखता यावं म्हणून नियंत्रक चार आकडी स्क्वॉक देतो. त्यात आठ-नऊ कधीच नसतात, फक्त शून्य ते सात; एकूण 4096 जुळण्या. 7500 लावला की अपहरण, 7600 म्हणजे रेडिओ बंद, 7700 म्हणजे संकट. मराठीत पोपट होतो तो वेगळा. इथे पोपट झाला तर फार महागात पडतं.

‘रॉजर’ हा जुन्या यादीतला R, ‘रिसीव्ह्ड’ची खूण. R चा शब्द ‘रोमियो’ झाला तरी रॉजर टिकला. त्याचा अर्थ ‘तुझं सगळं बोलणं ऐकलं’ इतकाच. ‘मान्य’ नव्हे, ‘हो’ तर नव्हेच. होकाराला ‘अफर्म’ आहे, आदेश पाळतो असं सांगायला ‘विल्को’. ‘ओव्हर’ म्हणजे उत्तर दे, ‘आउट’ म्हणजे संपलं. सिनेमातले नायक दोन्ही एका दमात म्हणतात ते निव्वळ अडाणीपणाचं आहे.

हा काटेकोरपणा हौसेचा नाही. 27 मार्च 1977 ला टेनेरिफ बेटावर दोन जंबो विमानं धावपट्टीवर आदळून 583 माणसं गेली. केएलएम कंपनीच्या वैमानिकाने ‘आम्ही टेक-ऑफवर आहोत’ असं म्हटलं, मनोऱ्यातून ‘ओके’ आलं, आणि पुढचे शब्द दोन संदेश एकाच वेळी आल्याने कर्कश आवाजात बुडाले. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करताना उच्चारायचा असं ठरलं, एरवी ‘डिपार्चर’. 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणात चरखी दादरीवर कझाकस्तानचं विमान 15,000 फुटांवर राहायचं ते आणखी खाली आलं आणि 14,000 वर जाणाऱ्या सौदी विमानाला धडकलं. 349 मृत्यू. इंग्रजी नीट न कळणं हेही त्यामागचं एक कारण मानलं गेलं, आणि आयकाओने वैमानिक-नियंत्रकांसाठी भाषेची किमान पातळी सक्तीची केली.

आपल्याला फोनवर बँकेला नाव सांगायचं असतं तेव्हा आपण ‘बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली’ करत बसतो, दोघांच्या याद्या वेगळ्या आणि घोळ कायम. तयार यादी हाताशी असताना ती वापरा. पिंप्राळा असा सांगा: पापा, इंडिया, माइक, पापा, रोमियो, अल्फा, लिमा, अल्फा.