तळघरातला आड

पळून आलेल्या गुलामांना आश्रय देणारे घर म्हटले की आपल्याला भुयारे आणि चोरदरवाजे आठवतात. अमेरिकेतील इंडियाना राज्यात, न्यूपोर्ट (आजचे फाउंटन सिटी) येथे लेव्ही आणि कॅथरीन कॉफिन या क्वेकर दांपत्याने १८३९ मध्ये विटांचे घर बांधले. त्याच्या वरच्या मजल्यावर असे एक बुटके दार आहे. पलंग सरकवला की ते झाकून जाई. मला मात्र या घरात सर्वात बोलका वाटतो तो तळघरातला आड.

केंटकीतून ओहायो नदी ओलांडून कॅनडाकडे निघालेली माणसे रात्री येथे पोहोचत. कॉफिन यांच्या आठवणींनुसार वर्षाला सरासरी शंभराहून अधिक माणसे येत. एकदा तर दोन गाड्यांतून एकदम सतरा जण आले. इंडियानात गुलामी नव्हती, पण १७९३ च्या संघराज्याच्या कायद्याने मालकाला तेथेही आपला गुलाम पकडता येई. त्याला लपवणाऱ्यास ५०० डॉलर दंड होता. पकडल्या गेलेल्याच्या वाट्याला मात्र पुन्हा गुलामीच येई. सर्वात मोठा धोका पत्करला होता तो पळणाऱ्यांनी.

आता घरकामाचा हिशेब करू. वीस माणसांना प्यायला, रांधायला, धुवायला किती पाणी लागेल? एवढ्या घागरी अंगणातून आत जाताना दिसल्या, तर शेजाऱ्यांना घरातल्या पाहुण्यांचा अंदाज आलाच असता. आड घरातच असल्याने ते टळले. रात्री-अपरात्री चूल पेटवून जेवू घालणे कॅथरीनबाईंकडे होते. पाहुण्यांसाठी कपडे शिवायला गावातील स्त्रिया याच घरी जमत. इतिहासाने लेव्ही यांना या गुप्त मार्गाचे ‘अध्यक्ष’ म्हटले; पण तो मार्ग चालता ठेवला तो स्वयंपाकघराने.

मराठी वाचकाला येथे जोतीराव फुले आठवावेत. १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले. त्याआधी पाच वर्षे, १८६८ मध्ये, त्यांनी पुण्यातील आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. न्यूपोर्टला पाणी लपवावे लागले, कारण तेथे कायदा आड येत होता. पुण्यात आड येत होती ती रूढी, आणि तिला उत्तर द्यायचे तर पाणी सर्वांदेखत देणे भाग होते. घर कोणाच्या बाजूने उभे आहे, हे दोन्हीकडे पाण्यावरूनच ठरले.