मुलांची पहिली गाडी: वॅगन आर घ्या, पण आधी साल बघा आणि कागद बघा

घरातला पोरगा किंवा पोरगी कमवायला लागली की वर्षभरात गाडीचा विषय निघतोच. उमरेडमध्ये तो जरा लवकरच निघतो. नोकरी नागपूरला, नाहीतर बुटीबोरीच्या एमआयडीसीत. नागपूर-नागभीड नॅरोगेज २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, तेव्हापासून सगळा भार रस्त्यावर आला. दुचाकीवर रोज पन्नासेक किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं, बाजूने कोळशाचे ट्रक. अम्मीचा जीव टांगणीला लागतो आणि मग घरात ठरतं, काही झालं तरी छोटी कार घ्यायची.

मामू, खालू, गॅरेजवाले भाई, कोणालाही विचारा, दहापैकी सात जण वॅगन आर सांगतील. सल्ला चुकीचा नाही. पण "वॅगन आर घ्या" एवढ्यावर सल्ला संपत नाही. कोणत्या सालची घ्यायची आणि कोणत्या कागदावर घ्यायची, हे दोन प्रश्न गाडीच्या नावापेक्षा मोठे आहेत. आपल्या घरांत नेमके हेच दोन प्रश्न राहून जातात.

डब्यासारखी गाडी नवशिक्याला का सोयीची?

सुझुकीने वॅगन आर १९९३ मध्ये जपानमध्ये आणली. तिथे छोट्या गाड्यांच्या लांबी-रुंदीवर सरकारी मर्यादा आहे. लांबी वाढवता येत नाही, मग छत उंच करायचं आणि माणसाला खुर्चीवर बसल्यासारखं ताठ बसवायचं, अशी ही कल्पना. भारतात ह्युंदाईची सँट्रो १९९८ मध्ये आली आणि मारुतीची वॅगन आर १९९९ च्या डिसेंबरात. सुरुवातीला लोक तिला "डबा" म्हणून हसायचे. पुढे २०२३ पर्यंत त्याच डब्याची विक्री ३० लाखांच्या वर गेली.

आजची वॅगन आर लांबीला साधारण ३.६५ मीटर, रुंदीला १.६२ मीटर आणि उंचीला १.६७ मीटर आहे. शिकणाऱ्याला याचा फायदा असा की बसण्याची जागा उंच, काचा मोठ्या आणि गाडीचे चारही कोपरे कुठे संपतात याचा अंदाज पटकन येतो. गाडी थोड्या जागेत वळते, त्यामुळे बाजारातल्या गल्लीत मागेपुढे करताना घाम फुटत नाही. दादीजानला गुडघे न वाकवता बसता येतं. डिक्की ३४१ लिटरची आहे, लग्नाच्या दोन बॅगा आरामात मावतात.

तोटाही सांगायला हवा. उंच आणि हलकी गाडी वाऱ्याला लवकर हलते. भरधाव ट्रक बाजूने गेला की स्टिअरिंगवर धक्का जाणवतो, आणि वळणावर वेगात घेतली तर गाडी झुकते. म्हणून ही ६०-७० च्या वेगात शहाणी वाटणारी गाडी आहे. शंभरच्या वर पळवायची हौस असेल तर ती या गाडीत भागवू नये.

साल का बघायचं?

जुनी गाडी घेताना आपण किलोमीटर विचारतो, रंग बघतो, सीट कव्हर बघतो. गाडी कोणत्या महिन्यात बनली ते मात्र फार थोडे लोक विचारतात. ते आरसीवर लिहिलेलं असतं.

१ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या प्रत्येक कारमध्ये चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा आवाज, वेग वाढला की वाजणारी सूचना आणि रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा त्याच वर्षी एप्रिलपासून सक्तीची झाली. पुढच्या दुसऱ्या सीटची एअरबॅग सगळ्या गाड्यांत २०२२ पासून आली. २०२५ मध्ये कंपनीने वॅगन आरच्या सर्व प्रकारांत सहा एअरबॅग दिल्या.

याचा सरळ अर्थ असा. २०१६ ची चकाचक वॅगन आर आणि २०२० ची थोडी घासलेली वॅगन आर समोर असतील, तर पोरासाठी दुसरी घ्या. पहिलीत एअरबॅग आणि एबीएस नसण्याचीच शक्यता जास्त. त्या काळी या वस्तू महागड्या प्रकारांतच मिळत. खरचटलेला दरवाजा पेंटर नीट करून देतो. नसलेली एअरबॅग गॅरेजमध्ये बसवून मिळत नाही.

पण एअरबॅग आहे म्हणजे गाडी लोखंडी किल्ला झाली, असंही समजू नका. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या आदळवून तपासते. तिने २०१९ मध्ये वॅगन आरला पाचपैकी दोन तारे दिले. २०२३ मध्ये नियम कडक झाल्यावर मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एक आणि मुलांसाठी शून्य तारा मिळाला. टाटाच्या टियागोला याच संस्थेने २०२० मध्ये मोठ्यांसाठी चार तारे दिले होते, आणि २०२१ मध्ये आलेल्या पंचला पाच. पंचही उंच आणि चौकोनी आहे, फक्त खिसा जास्त रिकामा करते. म्हणून माझं म्हणणं असं: गावात, तालुक्यात आणि अधूनमधून नागपूरला जायचं असेल तर २०१९ च्या जुलैनंतरची वॅगन आर पुरे. रोज हायवेवर जाणंयेणं असेल, तर सहा एअरबॅगवाली नवी गाडी किंवा वापरलेली पंच यांचा हिशोब आधी करून बघा.

नवी की जुनी: पैशाचं गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. १२०० सीसीपर्यंतचं इंजिन आणि चार मीटरच्या आतली लांबी ही अट आहे, त्यात वॅगन आर बसते. त्यानंतर तिची सुरुवातीची शोरूम किंमत पाच लाखांच्या आसपास आली. पण शोरूम किंमत म्हणजे घरापर्यंतची किंमत नव्हे. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के एकरकमी रोड टॅक्स लागतो, म्हणजे पाच लाखांवर ५५ हजार. वर विमा आणि नोंदणी. आजवर जुनी गाडी "अर्ध्या किमतीत" म्हणून घेतली जायची. आता नवी स्वस्त झाल्यावर जुन्याचा भावही त्याच हिशोबाने खाली यायला हवा. विकणारा जुनाच भाव सांगत असेल तर नव्या किमतीचा कागद समोर ठेवून बोला.

आपल्यातली अनेक घरं व्याजाचं कर्ज टाळतात. भिशी, दागिने, आखातातल्या भावाने पाठवलेली रक्कम, असं जमवून एकरकमी गाडी घेतात. म्हणूनच आपल्याकडे जुन्या गाडीचा व्यवहार जास्त. हरकत नाही. फक्त एक ध्यानात ठेवा: एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. पैसे बँकेतून द्या. तो पुरावाही होतो.

सीएनजीची गाडी चालवायला स्वस्त पडते, पण टाकी डिक्कीची जागा खाते. आपल्या रोजच्या वाटेवर पंप कुठे आहे आणि तिथे रांग किती असते, हे स्वतः जाऊन बघा. जुनी सीएनजी गाडी असेल तर आरसीवर सीएनजीची नोंद हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची तपासणी झालेली हवी.

"अपना आदमी है" हा कागद नव्हे

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे गाडी ओळखीत विकली जाते. चाय होते, पैसे दिले जातात, चावी मिळते. नावावर करायचं "पुढच्या महिन्यात" ठरतं आणि तीन वर्षं जातात. गाडी मधल्या काळात आणखी दोघांकडे फिरते.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती. तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मूळ मालकावरच आली. म्हणजे नाव न बदलण्यात विकणाऱ्याचंही तितकंच नुकसान आहे.

सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि खरेदी-विक्रीला साक्षीदार ठेवायला सांगितलं आहे. ओलं धान्य खाली ठेवून वर कोरडं पसरणाऱ्या व्यापाऱ्याला पैगंबर साहेबांनी (स.) टोकल्याचा प्रसंग आपण लहानपणी शिकलो. अपघातात वाकलेली चेसिस रंगाखाली लपवणं याहून वेगळं नाही. कागद मागणं हा नात्यावरचा अविश्वास नाही. कागद झाला की नातं टिकतं.

करायचं काय, ते क्रमाने:

१. परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाका. मालकाचं नाव, विमा, कर्जाचा बोजा आणि थकलेले चलान बघा.

२. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

३. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर दोघांच्या सह्या व्यवहाराच्या दिवशीच घ्या. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. उमरेडसाठी नागपूर ग्रामीण, म्हणजे एमएच ४०.

४. छिंदवाडा, सिवनीकडची किंवा दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि इथला टॅक्स वेगळा भरावा लागतो. स्वस्ताईचा आनंद त्यानंतर मोजा.

५. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. न केल्यास आपल्याच गाडीच्या नुकसानीचे पैसे अडकतात. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही.

गाडी बघायला जाताना

दिवसा जा, इंजिन थंड असताना जा, आणि मेकॅनिक आपला न्या, विकणाऱ्याचा नको. चेसिस नंबर आरसीशी जुळवा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन सालाचे. गाडी २०२० ची आणि मीटरवर वीस हजार किलोमीटर, पण टायर २०२३ चे, तर मीटरबद्दल प्रश्न विचारा. सर्व्हिसची नोंद कंपनीच्या सेंटरमधून काढून घ्या.

नागपूरची गाडी असेल तर एक खास तपासणी करा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि शेकडो गाड्या बुडाल्या. मॅट उचलून वास घ्या, सीटच्या पट्ट्या पूर्ण बाहेर ओढून चिखलाची रेघ बघा, सीटखालच्या नट-बोल्टवर गंज बघा. वॅगन आर टॅक्सी म्हणूनही खूप चालते. गाडी आधी व्यावसायिक नोंदणीची होती का, हे आरटीओच्या नोंदीत तपासा.

चावी कोणाच्या हातात?

कारचं लायसन्स १८ वर्षांनंतरच. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर ३० दिवसांनी परीक्षा देता येते. तोपर्यंत शेजारी लायसन्सवाला माणूस आणि गाडीवर लाल "एल" हवा. दहावी-बारावीतल्या पोराच्या हाती "जरा चौकापर्यंत" म्हणून चावी देणारे पालक मी शाळेच्या फाटकावर रोज बघतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदा असा आहे: अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ पर्यंत लायसन्स नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले, त्यानंतर वडिलांनाही अटक झाली. नोकरीच्या उंबरठ्यावर २५ पर्यंत लायसन्स नाही म्हणजे काय, हे पोरालाच समजावून सांगा.

लायसन्स आल्यावरही पहिले तीन महिने घरचा नियम ठेवा: रात्री हायवे नाही, मित्रांची भरगच्च गाडी नाही, मागे बसणाऱ्यालाही बेल्ट. कऱ्हांडल्याच्या जंगलाकडच्या रस्त्यावर अंधारात रानडुक्कर किंवा नीलगाय आडवी येते, तेव्हा नव्या हाताला ब्रेकपेक्षा स्टिअरिंग आधी सुचतं आणि उंच गाडी तिथेच कलते. एखाद्या रविवारी रिकाम्या मैदानात त्याला एबीएसवर जोरात ब्रेक दाबायला लावा. पायाखाली होणारी थरथर ओळखीची झाली की ऐनवेळी पाय उचलला जात नाही.

मुलींनाही हेच सगळं लागू आहे. अंगणवाडी, शाळा, दवाखाना, बँक अशा ठिकाणी आपल्या मुली नोकरी करत आहेत. उंच सीटची, सोपी, लहान गाडी त्यांच्यासाठी चैन नाही. संध्याकाळच्या शेवटच्या बसची वाट न बघता वेळेत घरी येण्याची ती सोय आहे. गाडी घ्याल तेव्हा आरसीवर तिचं नाव टाका, आणि चावीची दुसरी प्रतही तिच्याकडेच द्या.