सतरा घरं आणि एक फोन

बहारीनमध्ये राहणाऱ्या माणसाला डोंगराची भूक जरा जास्तच लागते. आमच्याकडचा सर्वांत उंच डोंगर म्हणजे जबल अल दुखान, उंची दीडशे मीटरही नाही. त्याच्या पायथ्याशी 1932 मध्ये तेल लागलं म्हणून त्याचं नाव मोठं, नाहीतर आपल्या पर्वतीच्या टेकडीसारखाच प्रकार. बाकी सगळा सपाट मामला. त्यामुळे सह्याद्रीत वाढलेली इथली मराठी मुलं वर्षाची सुट्टी जमवतात, पाठीवर सॅक टाकतात आणि जॉर्जिया, नेपाळ नाहीतर आपला हिमालय गाठतात.

सप्टेंबर 2018 मध्ये मीही तेच केलं. 13 तारखेला गणपती होते. पुढे 19 आणि 20 ला बहारीनमध्ये आशुराची सुट्टी आणि लगेच शुक्रवार-शनिवार. पुण्यात दीड दिवसाचा गणपती करून कॉलेजच्या एका मित्राबरोबर स्पितीला निघालो. शिमला, रेकाँग पिओ, नाको, ताबो करत काझा, तिथून कुंझुम आणि रोहतांग या दोन खिंडी ओलांडून मनाली. 25 ला दिल्लीहून बहारीनची फ्लाइट होती. मध्ये एक दिवस राखीवही ठेवला होता.

किन्नौरकडून हळूहळू चढत गेल्यामुळे हवा मानवली. ताबोचा मठ पाहिला. इसवी सन 996 मधला, मातीच्या भिंतींचा, अजूनही नांदता. काझा सुमारे 3,700 मीटरवर आहे. तिथे तीन दिवस कीह, किब्बर, लांगझा अशी भटकंती झाली. आकाश असं निळं, की पावसाचा विचारही मनात येऊ नये.

21 च्या रात्री वारा फिरला. 22 ला सकाळी मनालीची बस पकडायला स्टँडवर गेलो, तर बस जागेवरच उभी. ड्रायव्हर म्हणाला, "ऊपर बरफ गिर रही है, गाडी नहीं जाएगी." सप्टेंबरात बर्फ! परतीचा मान्सून अजून हिमाचलात रेंगाळत होता आणि त्याच वेळी पश्चिमेकडून 'वेस्टर्न डिस्टर्बन्स' येऊन धडकला होता. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे हे वारे. हिवाळ्यात बहारीनमध्ये दोन-चार दिवस पाऊस पडतो, तोही त्यांचाच. इथे ते आमच्या ऑफिसचा पार्किंग लॉट तुंबवतात, तिथे त्यांनी आमची खिंड बंद केली.

स्टँडवर एक जीपवाला मात्र तयार होता. माणशी दुप्पट पैसे, 'लोसरपर्यंत तर जाऊ, पुढचं पुढे बघू' असा त्याचा हिशोब. काझाहून मनाली सुमारे दोनशे किलोमीटर, आणि दुसऱ्या बाजूने शिमला त्याच्या दुप्पट. फ्लाइट डोळ्यांसमोर असली की असा हिशोब पटायला लागतो. मित्र म्हणाला, "तुझं तिकीट पंचविसाचं आहे, तू ठरव." मी होमस्टेच्या आंटींना विचारलं. त्या पोळ्या लाटत होत्या. त्यांनी वरही न पाहता विचारलं, "खिंडीत अडकलात तर तिथे कोणाचं घर आहे?" आम्ही सॅक पुन्हा खोलीत ठेवल्या.

आमच्याच होमस्टेमधले नाशिकचे दोघे आदल्या दिवशी दुपारी चंद्रतालकडे गेले होते. त्यांचं काय झालं असेल, हा विचार पुढचे चार दिवस डोक्यातून गेला नाही.

त्या रात्री वीज गेली. मग मोबाइल गेला. काझात तेव्हा बीएसएनएलशिवाय काही चालत नव्हतंच. बहारीनचं सिम तर ताबोच्या आधीच मुकं झालं होतं. कार्डाने पैसे भरायचे तर ओटीपी कुठे येणार? खिशात होते तेवढे रोख, तेवढीच आपली श्रीमंती.

23 तारीख. अनंत चतुर्दशी. पुण्यात मिरवणूक चालू असणार आणि घरी टीव्हीवर मनालीत बियास नदीने एक अख्खी बस वाहून नेल्याची दृश्यं. मी 22 ला रात्री मनालीत पोहोचणार, हे आईला पाठ होतं. तिच्या दृष्टीने मी त्या नदीकाठीच होतो.

संध्याकाळी बातमी आली, की बाजारातल्या एका दुकानाचा लँडलाइन लागतोय. गेलो तर रांग. काही ट्रेकर, बंगालमधलं एक कुटुंब, बंगळूरच्या दोन मुली, लष्करातल्या मुलाला भेटायला निघालेले एक आजोबा. लाइन मध्येच तुटत होती. प्रत्येकाला घरी फोन करायचा म्हटलं तर निम्म्यांना मिळालाच नसता. मित्राने सॅकमधून वही काढली आणि आम्ही सगळ्यांचे निरोप लिहून घेतले. नाव, घरचा नंबर, 'काझात आहे, सुखरूप आहे, रस्ता उघडला की निघतो.' सतरा घरं झाली. मग फोन एकच केला, पुण्याला माझ्या ताईला. मी सावकाश नंबर सांगत होतो, ती लिहून परत वाचून दाखवत होती. सातव्या नंबरला लाइन तुटली, वीस मिनिटांनी पुन्हा लागली. ती फक्त म्हणाली, "आठवा सांग."

त्या रात्री ढोलताशांच्या आवाजात ताईने सतराही घरी फोन केले. आसनसोलच्या एका आजींना तिचं हिंदी कळेना. तिने शेजारच्या बंगाली बाईंना उठवून आणलं. एका घरी फोन उचलणारा बाबा काही बोललाच नाही, नुसता रडला. शेवटी तिने माझ्या तिकिटाची तारीखही बदलली. फ्लाइटच्या आधी कळवलं तर थोडे पैसे भरून तारीख बदलते, न कळवता चुकवली तर तिकीट बहुधा बुडतंच. तिकिटाची प्रत आधीच तिच्याकडे होती, म्हणून ते जमलं.

पुढे परत आल्यावर लक्षात आलं, की 2013 च्या जूनमध्ये उत्तराखंडच्या प्रलयात 'गुगल पर्सन फाइंडर'ने तत्त्वतः हेच काम केलं होतं. कोण कुठे आहे याची एकच यादी, जी सगळ्यांना पाहता येईल. आमची यादी वहीच्या पानावर होती आणि सर्व्हर म्हणजे आमची ताई.

25 ला किन्नौरचा रस्ता अर्धामुर्धा उघडला. मलिंग नाल्याजवळ दरड होती. सॅक घेऊन चालत पलीकडे गेलो, तिकडून दुसरी गाडी. 28 ला दिल्ली, 29 ला बहारीन, 30 ला रविवारी ऑफिस. तोवर लाहौलमध्ये हवाई दलाची हेलिकॉप्टर्स अडकलेल्यांना कुल्लूला आणत होती. हामटा खिंडीच्या ट्रेकला गेलेले रूरकी आयआयटीचे विद्यार्थी सुखरूप असल्याची बातमी वाचली. नाशिकच्या दोघांचा फोन ऑक्टोबरमध्ये आला. बातालच्या बाजूला चार रात्री काढून तेही हेलिकॉप्टरनेच सुटले होते. एकाच्या पायाची दोन बोटं मात्र बर्फाने गेली.

ऑक्टोबर 2020 मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांगचा अडसर पुष्कळ कमी झाला. कुंझुम मात्र तशीच आहे. दर हिवाळ्यात बंद होते आणि मनात आलं तर सप्टेंबरातही.

आखातातून, युरोप-अमेरिकेतून सुट्टीत हिमालयात जाणाऱ्यांना मी आता चार गोष्टी सांगतो. राखीव दिवस एक नको, तीन ठेवा, आणि ते परतीच्या फ्लाइटच्या आधी ठेवा. रोख रक्कम दोन ठिकाणी विभागून बाळगा. वेळापत्रक, तिकिटं, विम्याचा नंबर घरच्या एका माणसाकडे द्या, सगळ्यांकडे नको. फोन करायला एकच मिळतो. आणि परदेशी पासपोर्ट घेतला असेल तर ओसीआय कार्ड असूनही रेकाँग पिओ ते ताबोच्या पट्ट्यासाठी परमिट लागतं, ते आधी काढा.

ताईकडे तो कागद अजून आहे. दर अनंत चतुर्दशीला आसनसोलहून तिला फोन येतो. आजी बंगालीत बोलतात, ही मराठीत. पाच-दहा मिनिटं तरी चालतं म्हणे.