भरवशाची बाजारपेठ : मॉरिशस आणि आणे पठार

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने मॉरिशसला १,२०० टन कांदा पाठवण्याची मुभा दिली. तेव्हा देशात कांदा निर्यातबंदी होती. मागणी होती, मालही होता. फक्त तो विकायचा की नाही, हे शेतकऱ्याच्या हातात नव्हते. जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाला आणे पठारावर कांदा पिकवणाऱ्याने ज्या देशाकडे त्या वर्षी दुरूनच पाहिले, त्या देशाची आर्थिक वाटचाल म्हणूनच समजून घ्यायला हवी.

मॉरिशस जेमतेम २,०४० चौरस किलोमीटरचा देश. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून करारावर ऊसमळ्यांत गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तिथे नांदतात. गणेशचतुर्थीला तिथे राष्ट्रीय सुटी असते. १२ मार्च १९६८ रोजी स्वातंत्र्य मिळाले तेव्हा निर्यातीतला नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या साखरेचा होता. अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ च्या अहवालात वाढत्या लोकसंख्येला काम कुठून मिळणार, अशी गंभीर चिंता मांडली होती.

उत्तर मिळाले १९७० च्या निर्यात प्रक्रिया क्षेत्र कायद्यातून. निर्यातीसाठी माल बनवणाऱ्याला करसवलत मिळाली, कच्च्या मालावरचे आयात शुल्क माफ झाले. या क्षेत्राला कुंपण नव्हते. बेटावर कुठेही कारखाना काढता येई. १९७५ च्या लोमे करारात युरोपने ठरावीक साखर ठरलेल्या भावाने घेण्याची हमी दिली. भाव बुडणार नाही म्हटल्यावर साखरेतला पैसा कापड उद्योगात उतरला, हाँगकाँगचे उद्योजकही आले. १९८० च्या दशकाअखेर या कारखान्यांत ८० हजारांहून अधिक लोक काम करत होते. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि त्यांची मजुरी पुरुषांपेक्षा कमी होती. या यशाची ही किंमतही नोंदवली पाहिजे.

२००५ पासून कापडाच्या जागतिक व्यापारातला कोटा संपला, पाठोपाठ युरोपने साखरेचा भाव ३६ टक्क्यांनी उतरवायला घेतला. मॉरिशसने २००६ मध्ये व्यवसाय सुलभीकरण कायदा केला. नियम पाळण्याची हमी देऊन लहान व्यावसायिक तीन दिवसांत काम सुरू करू लागला. तपासणी मागाहून होई. कंपनी कर १५ टक्क्यांवर आणला गेला.

आता आणे पठाराकडे वळू. कल्याण–अहिल्यानगर महामार्ग आणे घाटातून इथे चढतो. कुकडी प्रकल्पाची बहुतेक धरणे याच तालुक्यात आहेत. पठार मात्र उंचावर असल्याने कालव्याच्या पाण्याला मुकले. पावसाच्या भरवशावरची शेती, आणि माल आळेफाट्याच्या बाजारात. एकजुटीची इथे वाण नाही. रंगदास स्वामींच्या यात्रेत आमटी-भाकरीचा महाप्रसाद हजारोंना वाढणाऱ्या या गावांना संघटन शिकवावे लागत नाही.

कायदेही झाले. २००३ पासून दहा शेतकरी एकत्र येऊन उत्पादक कंपनी काढू शकतात. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्राने कांदा-बटाट्यासह फळे-भाजीपाल्याची बाजार आवाराबाहेरची विक्री नियमनमुक्त केली. पण पुढे काय घडले? ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्ये ती खुली झाली, तीही टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ ला रद्द झाले. उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो. म्हणजे चाळ भरताना असलेले धोरण ती रिकामी होईपर्यंत टिकेल, याची खात्री नाही. अशा स्थितीत प्रतवारी यंत्र, शीतगृह किंवा निर्यातीचा करार यांत पैसा कोण घालणार?

शहरी ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा, ही अपेक्षा रास्त आहे. पण त्याचा भार एकट्या उत्पादकावर टाकणे अन्यायाचे आहे. सरकारने बाजारभावाने खरेदी करून साठा करावा, गरजूंना अनुदान द्यावे.

मॉरिशसला युरोपच्या भावहमीचा आधार होता; आपल्या कांद्याला तो नाही. म्हणूनच जे आपल्या हाती आहे ते तरी ठाम हवे. निर्यात धोरण लागवडीआधी जाहीर व्हावे आणि हंगाम संपेपर्यंत बदलू नये; बदललेच तर नुकसानभरपाई मिळावी. उत्पादक कंपन्यांना परवान्यासाठी खेटे घालावे लागू नयेत. आणि आणे पठाराला पाणी मिळावे, कारण पीकच नसेल तर मोकळ्या बाजाराचा उपयोग काय? खासगी उद्यम कर्तबगारीवर उभा राहतो हे खरे, पण त्याच्या पायाखालची जमीन सरकारने दिलेल्या आणि पाळलेल्या शब्दाची असते.