ओव्हनची स्वच्छता : राख, सोडा आणि सावधगिरी

गणेशचतुर्थी जवळ आली म्हणजे मॉरिशसमधील मराठी घरांत झाडलोट सुरू होते. पडदे धुतले जातात, समया आणि तांब्याची भांडी चकाकू लागतात. परंतु क्रिओलीत ज्यास आपण ‘फूर’ म्हणतो, त्या ओव्हनचे दार उघडण्याचे धैर्य पुष्कळ भगिनींना होत नाही. काही घरांत तर त्याचा उपयोग कढया ठेवण्याचे कपाट म्हणूनच होतो, आणि ही पळवाट काही अगदीच वाईट नव्हे! मात्र जेथे वर्षभर केक आणि नानकटाई होते, तेथे आतील काळा थर कशाने काढावा, हा प्रश्न दर वर्षी उभा राहतो.

एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून करारबद्ध होऊन आलेल्या आपल्या पूर्वजांच्या मुलुखात भांडी घासण्याची जी रीत होती, तीतच याचे उत्तर आहे. तेलकट भांड्यास राख आणि तांब्यापितळेस चिंच, अशी ती रीत. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट ही अल्कली असते. तिचा स्निग्ध पदार्थाशी संयोग होऊन साबण बनतो. चिंचेतील आम्ल तांब्यावरील काळसरपणा विरघळविते. चिंचेने तेलाची कढई घासणारी गृहिणी कोणी पाहिली नसेल.

ओव्हनमधील मळ हा मुख्यतः तेलातुपाचाच असतो. 200 अंश सेल्सियसच्या उष्णतेत उडालेले तेल हवेच्या योगाने चिवट होते, जवसाच्या तेलाचा रंग वाळून कठीण व्हावा तसे. म्हणून त्यास अल्कली हवी, आणि तिला काम करण्यास अवधी हवा. खाण्याचा सोडा ही सौम्य अल्कली. तीन भाग सोड्यात एक भाग पाणी घालून केलेला लेप थंड ओव्हनमध्ये रात्रभर ठेवावा. सकाळी ओल्या फडक्याने पुसावा. गॅसचे बर्नर, विजेच्या तारा आणि दाराची रबरी पट्टी यांस मात्र लेप लागू देऊ नये. जाळ्या वेगळ्या काढून कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवाव्यात. तो खाण्याच्या सोड्याहून बराच तीव्र असतो, तेव्हा हातमोजे घालावेत. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर तिला हा उपाय नको.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याची जी चाल पडली आहे, तिचे आम्हांस नवल वाटते. फेस भरपूर येतो आणि काम झाल्याचे समाधानही मिळते. परंतु आम्ल व अल्कली एकमेकांचे बळ हरण करतात आणि हाती उरते ते जवळजवळ खारे पाणी! सोडा पुसून घेतल्यावर राहिलेले पांढरे डाग काढण्यापुरते व्हिनेगर उपयोगी आहे.

जुना, जाड थर सोड्याने हटत नाही. मग दुकानातून फवाऱ्याचा डबा आणला जातो. येथे खरी सावधगिरी हवी. अशा पुष्कळ डब्यांत कॉस्टिक सोडा असतो. लेबल फ्रेंचमध्ये असले तर ‘इद्रोक्सीद द सोद्यम’ हे शब्द शोधावेत. तांबड्या चौकटीत हातावर द्रव पडून हात झिजत असल्याचे चित्र असते. जो पदार्थ तेलाचा साबण करतो, तो डोळ्यांच्या नाजूक पडद्यासही सोडत नाही. म्हणून चष्मा व लांब हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मुलांस अंगणात पाठवावे. डोळ्यात थेंब गेल्यास निदान 20 मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धरावा व तडक इस्पितळ गाठावे. पोटात गेल्यास वांती करवू नये. व्हिनेगर पाजून ‘उतारा’ देण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. सणाच्या धांदलीत हा द्रव रिकाम्या सरबताच्या बाटलीत भरून ठेवणे म्हणजे घरात आपत्तीस आमंत्रण देणे होय.

जावेलच्या पाण्याने काळा थर निघत नाही. व्हिनेगरशी त्याचा संयोग झाला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि अमोनियाशी झाला तरी घातक वायूच उत्पन्न होतो.

ओव्हनची जातही पाहावी. एनॅमलच्या भिंती कॉस्टिक सोसतात. ॲल्युमिनियम त्याने झिजते. काही ओव्हनच्या आतील भिंती करड्या व खरखरीत असतात. त्यांवरील विशिष्ट लेप तेल आपोआप जाळून टाकतो, म्हणून त्यांस कोणतेही द्रव्य लावू नये. विजेच्या काही ओव्हनना सुमारे 500 अंशांपर्यंत तापून मळाची राख करण्याची सोय असते. त्या वेळी जाळ्या बाहेर काढाव्यात, कारण त्या उष्णतेत पुष्कळशा काळवंडतात.

सफाईपूर्वी गॅसच्या टाकीचा कॉक बंद करावा, विजेचा ओव्हन असेल तर प्लग काढावा. सर्व झाल्यावर स्वच्छ पाण्याच्या फडक्याने तीन-चार वेळा पुसून, कोरडे करून, खिडक्या उघड्या ठेवून ओव्हन रिकामाच पंधरा-वीस मिनिटे तापवावा. कसलाही वास उरला असेल तर पुन्हा पुसावा, आणि मगच केकचे भांडे आत ठेवावे.