मुलं जिथं, शाळा तिथं

फी माफ असते, पुस्तकं फुकट मिळतात, दुपारी खिचडी शिजते, आणि तरीही वस्तीवरचं मूल शाळेत येत नाही. ‘या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही’ असं म्हणून आपण मोकळे होतो. डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर दोन शिक्षिकांनी हे म्हणणं कधीच मान्य केलं नाही. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. 1 ऑगस्ट 2014 पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. शाळा फुकट असली तरी गरिबाच्या घराला ती महाग पडते, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वस्तीत फिरून ओळखलं होतं. मूल शाळेत बसलं की बकऱ्या कोण वळणार, तान्ह्याला कोण सांभाळणार, सरपण कोण आणणार? या प्रश्नांची उत्तरं शाळेनं द्यायची, असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या ग्राम बाल शिक्षा केंद्राची सगळी रचना त्या एका निश्चयातून झाली.

अनुताईंचा जन्म 1910 सालचा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आलं. त्या काळी अशा मुलीचं पुढचं आयुष्य घराच्या मागच्या खोलीत जायचं. अनुताई मात्र शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि ऐन विशीत नाशिक जिल्ह्यात चांदवडला शिकवू लागल्या. पुढे पुण्याला हुजूरपागेत नोकरी मिळाली. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत स्वतः शिकायचं, असं करत 1937 साली त्या मॅट्रिक झाल्या. शहरातली, मानाची, कायमची नोकरी हातात होती. 1945 साली बोरिवलीला ग्रामसेविकांचं शिबिर भरलं, तिथं ताराबाईंची गाठ पडली आणि अनुताईंनी ती नोकरी सोडली.

ताराबाई त्यांच्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठ्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं मोठं काम केलं होतं, आणि 1936 साली दादरला शिशुविहार सुरू केला होता. माँटेसरीची पद्धत त्यांच्या हातात पक्की मुरलेली होती. पण ही पद्धत पैसेवाल्यांच्या मुलांपुरती राहते आहे, याची खंत त्यांच्या मनात होती. म्हणून वयाची पन्नाशी उलटल्यावर त्यांनी मुंबई सोडली आणि समुद्रकाठच्या बोर्डी गावात या केंद्राचं काम मांडलं.

साल 1945 होतं, हे विसरून चालणार नाही. त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची प्रचंड सभा झाली. श्यामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीला आणि लग्नगड्याच्या पद्धतीला त्यांनी नकार दिला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायकोनं सावकाराकडे वर्षानुवर्षं राबायचं, अशी ती लग्नगड्याची पद्धत होती. गवतकापणीचा दर वाढवून मिळावा म्हणून संप झाला. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड आणि त्याचे साथीदार त्यात मारले गेले. ज्या मुलांसाठी ताराबाई-अनुताई आल्या, त्यांचे आईबाप त्या वर्षी माणूस म्हणून जगण्यासाठी लढत होते. गोदावरीबाईंचा रस्ता संघर्षाचा होता आणि ताराबाईंचा बालशिक्षणाचा. मला विचाराल तर एकाच परिसरात, एकाच वर्षी या दोन्ही गोष्टी सुरू झाल्या हे त्या परिसराचं भाग्य. वेठ संपल्याशिवाय मूल शाळेत येणार नव्हतं, आणि मूल शिकल्याशिवाय वेठ पुन्हा दुसऱ्या रूपात येणारच होती.

बोर्डी हे शिकल्यासवरल्या लोकांचं गाव. बालवाडी उघडली तेव्हा बऱ्या घरची मुलं आली; हरिजन वस्तीतली आणि पाड्यांवरची आली नाहीत. बोलावणी करूनही उपयोग होईना. तेव्हा बालवाडीच उचलून वस्तीत न्यायचं ठरलं. कुणाच्या तरी अंगणात मुलं गोळा करायची, त्यांना न्हाऊमाखू घालायचं, नखं काढायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. आया कामं करता करता दारातून बघायच्या. शाळेत काय चालतं ते डोळ्यांसमोर घडलं की तिचं भय उरत नाही. अंगणात भरणारी ही बालवाडी म्हणजे अंगणवाडी. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. ठाण्यातल्या किंवा डोंबिवलीतल्या एखाद्या चाळीत आज अंगणवाडीची पाटी दिसते, तिचं मूळ बोर्डीच्या या अंगणांत आहे.

माँटेसरीची साधनं महाग होती, म्हणून तीही बदलली. शिंपले, खडे, चिंचोके, पानं, बिया यांनी मोजणं आणि रंग-आकार ओळखणं सुरू झालं. मुलाच्या हाताला जे रोज लागतं तेच शिकण्याचं साधन झालं. याला केवळ काटकसर म्हणणं अन्यायाचं होईल. परदेशी लाकडी ठोकळ्यासमोर बुजणारं वारली मूल चिंचोक्यासमोर बुजत नाही, ही त्यातली खरी गोष्ट.

दहा-बारा वर्षांनी केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि कामाचा खरा विस्तार तिथं झाला. आठ-नऊ वर्षांच्या मुली शाळेत टिकत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असतं. दुसऱ्या कुठल्या शाळेत त्या मुलीचं नाव पटावरून कमी झालं असतं. कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात उभी राहिली. मुलगी तान्ह्याला घेऊन येई, त्याला पाळणाघरात ठेवी, मधल्याला बालवाडीत सोडी आणि स्वतः वर्गात बसे. या एकत्रित रचनेला त्यांनी विकासवाडी म्हटलं. मुलींच्या गळतीवर आजवर पुष्कळ अहवाल लिहिले गेले असतील. घरातल्या थोरल्या मुलीच्या कडेवरचं ओझं इतक्या नेमकेपणानं उतरवणारा उपाय मला दुसरा माहीत नाही.

गुराख्यांचा प्रश्न आणखी अवघड होता. गुरं सकाळी सुटतात आणि संध्याकाळी परततात. शाळेची वेळ बरोबर त्यांच्या मधली. गुरं थांबणार नव्हती, तेव्हा शिक्षकच गुरांमागे निघाले. मुलं कुरणात जनावरं सोडायची आणि तिथंच, झाडाखाली वर्ग भरायचा. ही कुरणशाळा. एक डोळा पाटीवर, एक गुरांवर. पाखरं, गवत, ओढे, ढग हा अभ्यासक्रम समोरच पसरलेला. दिवसभर मजुरी करणाऱ्या पोरांसाठी रात्रीची शाळा होती.

हे करत असताना अनुताई स्वतःही शिकत राहिल्या. 1961 साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्या बी.ए. झाल्या. 1962 साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. 1973 साली त्या गेल्या आणि संस्थेचा सगळा भार अनुताईंवर आला. पुढे त्यांनाही पद्मश्री मिळाली. 27 सप्टेंबर 1992 रोजी त्यांचं निधन झालं. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचं पुस्तक शिक्षक होऊ पाहणाऱ्या प्रत्येकानं वाचावं, असा माझा आग्रह आहे.

हा विचार कोसबाडपुरता राहिला नाही. वसईच्या विधायक संसद या संस्थेनं वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा काढल्या. मराठवाड्यातल्या दुष्काळानं गाव सुटलेल्या पारधी कुटुंबांची मुलं ठाण्याच्या सिग्नलवर गजरे विकतात. त्यांच्यासाठी 2016 साली तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली, कंटेनरमध्ये सिग्नल शाळा सुरू झाली. समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका यांचं हे काम. कुरणाच्या जागी पूल आला, गुरांच्या जागी मोटारी आल्या. शाळेनं उठून मुलापर्यंत जाण्याची रीत तीच राहिली.

पण गरज अजून भागलेली नाही. दिवाळी झाली की शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाड्याची आदिवासी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडाला परततात. मधल्या काळात गावातल्या शाळेच्या पटावर मुलाचं नाव असतं आणि मूल भट्टीवर असतं. हंगामी वसतिगृहं आहेत, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ही सोय भट्टीवरच्या झोपडीपर्यंत पोचवायला मात्र कुणालातरी चालत जावं लागतं.

ते कुणीतरी आपण होऊ शकतो. कल्याण, टिटवाळा, भिवंडी भागात राहणाऱ्यांनी या हिवाळ्यात जवळच्या भट्टीवर एक फेरी मारावी, मुलं किती आहेत ते पाहावं आणि शेजारच्या जिल्हा परिषद किंवा महापालिका शाळेच्या मुख्याध्यापकांना सांगावं. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. जन्मदाखला नाही, शाळा सोडल्याचा दाखला यायचा आहे किंवा वर्ष अर्धं सरलं आहे, यांपैकी कुठल्याही कारणानं सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही.