भीतीवरचा उतारा

दुसऱ्यांची भीती घालविणारा मानसशास्त्रज्ञ स्वतः कधी भ्याला असेल का? अल्बर्ट एलिस यांचे उत्तर ‘होय’ असे आहे.

१९१३ साली अमेरिकेत जन्मलेले एलिस स्त्रियांशी बोलायला फार बुजत. १९ वर्षांचे असताना ते न्यूयॉर्कच्या एका उद्यानात रोज जाऊ लागले आणि महिनाभरात सुमारे १०० अनोळखी स्त्रियांशी बोलले. पुन्हा भेटायचे एकीनेच कबूल केले. तीही आली नाही! पण आभाळ कोसळले नाही, आणि भीती गेली.

पुढे वाणिज्याच्या या पदवीधराने कोलंबिया विद्यापीठात चिकित्सा-मानसशास्त्राचे शिक्षण घेऊन १९४७ साली डॉक्टरेट मिळविली. नंतर शिकलेले मनोविश्लेषण त्यांना अपुरे वाटले. १९५५ साली त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. आपल्याला छळते ती केवळ घटना नव्हे, तर तिच्याविषयीचा आपला हट्टी समज. तो समज तपासावा आणि ज्याची भीती वाटते तेच करून पाहावे, हे तिचे सार.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. ‘माझी गावाकडची बोली ऐकून वर्ग हसला तर मी संपलो’, या समजापायी वर्षभर गप्प राहिलो. गेल्या सत्रात उठून पहिला प्रश्न विचारला. दोघे-तिघे हसलेही. पण मी काही संपलो नाही!